ताटातला अंगठा

आईची शपथ, सगळं खरं आहे. म्हणजे आई म्हणते माझी शपथ घेत जाऊ नकोस, तेव्हा अर्धं तरी खरं धर. आमच्या अण्णांच्या दुकानात रोज काहीतरी घडतंच, एक किस्सा सांगून संपेपर्यंत दुसरा तयार. अण्णा म्हणजे माझे काका. केशवापुरात त्यांचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. मी तिथं काम करतो, असं अण्णांना वाटतं.

*

दुकानात सहा जुनी चिनी ताटं होती. विकायला नव्हे. पूर्वी युरोपातले श्रीमंत लोक आपल्या घराण्याचं चिन्ह कागदावर काढून चीनला पाठवायचे, तिथले कारागीर ते बघून ताटं रंगवायचे. आता त्या कारागिरानं सिंह जन्मात बघितलेला नाही. त्यामुळे आमच्या ताटांवरचा सिंह भाकरीची वाट बघणाऱ्या कुत्र्यासारखा दिसतो.

गिऱ्हाईक हसलं की अण्णा गंभीर. "समोर होतं तेवढं काढलं. पदरचं काही घातलं नाही. याला इमान म्हणतात."

विद्याच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांच्या मानाच्या पंगतीला हीच ताटं मांडायची, हे अण्णांनी ती शाळेत असतानाच ठरवलेलं.

*

चिनी माती नखानं वाजवून बघतात. खणखणीत वाजली तर चांगली, बद्द वाजली तर तडा आहे. अण्णांच्या बोटाला सवयच लागलीय. विद्याचं ठरवायला आम्ही धारवाडला गेलो. मुलाचे वडील रिटायर्ड वकील. चहा आला. अण्णांनी कप उचलला, टक् केलं, कान लावला.

"तडा आहे."

वकीलसाहेब मुलाकडे बघायला लागले.

"कपाबद्दल बोलतायत," मी म्हणालो.

"मग ठीक आहे."

लग्न ठरलं.

*

मग व्याही दुकान बघायला आले. अण्णांनी मानाचं ताट काढलं. "आवाज ऐका." टक्.

"परत एकदा."

टक्.

"या कानाला जरा कमी येतंय, वो."

अण्णांनी जोरात वाजवलं. ताटाचे दोन तुकडे.

"आता आलं," व्याही म्हणाले.

*

मानकरी सहा, ताटं पाच.

काकू म्हणाली, "एकाला केळीच्या पानावर वाढा की."

"कुणाला?" अण्णांनी विचारलं. काकू चहा टाकायला उठली.

"तेव्हा ज्यांनी केलं, तेच आता करतील." अण्णा हटेनात. डाव्या हातात ताट उभं धरलं, उजव्या हातानं मोबाईलवर फोटो काढला आणि चीनमधल्या एका कारखान्याला पाठवला. खाली माझ्याकडून लिहून घेतलं, हुबेहूब पाहिजे.

ते लोक एकच ताट करत नाहीत, पेटीभरच करतात. लग्नाच्या आदल्या दिवशी पेटी आली. सिंह तोच, कुत्र्यासारखा. सोनेरी कड तीच. आणि कडेवर डावीकडे अण्णांचा अंगठा. प्रत्येक ताटावर. नखाला लागलेल्या चुन्यासकट.

अण्णांनी आपला अंगठा ताटावरच्या अंगठ्याशेजारी धरून बघितला. मग एक ताट उचलून वाजवलं.

"माल चांगला आहे," म्हणाले. "मांडा."

*

पंगत बसली. अंगठ्याचं ताट नेमकं व्याह्यांपुढे आलं. कुणी ठेवलं माहीत नाही, मांडत मीच होतो.

व्याह्यांनी वर न बघताच सांगितलं, "वाढणाऱ्यानं अंगठा काढावा."

मी दोन्ही हात वर केले.

व्याही वाकले. नीट बघितलं. मग अण्णांच्या हाताकडे बघितलं. अण्णा हात जोडून उभे. पाच मानकरी माना वळवून थांबलेले. विद्या मान खाली घालून बसली होती, रडत होती की हसत होती कळेना.

"मुलीचा बाप स्वतः ताट धरून उभा आहे," व्याही म्हणाले, "मग जेवायलाच पाहिजे. वाढ रे."

जाताना ते ताट धारवाडला घेऊन गेले.

*

बाकीची ताटं? तू आत्ता चुरमुऱ्यांचं गिरमिट कशात खाल्लंस? ती मिरची जरा बाजूला कर. हां, तोच अंगठा. उष्टं झालेलं ताट अण्णा परत घेत नाहीत. काढ पैसे.