दोन्ही मुठी

ऐंशीच्या दशकात वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत माझ्या मोठ्या बहिणीने, ताईने, एक खेळ शोधून काढला होता. जादूगारांची लढाई. दोघींनी हात पाठीमागे न्यायचे, एक-दोन-तीन म्हणायचं आणि एकदमच पुढे आणायचे. मूठ म्हणजे त्या हातात मंत्र भरला. पुढच्या चालीला त्याच हाताचं बोट रोखलं की वीज पडली, समोरची मेली. एक पंजा म्हणजे त्या बाजूची ढाल. दोन्ही पंजे दाखवले की शरण, खेळ खल्लास.

मी जन्माची भित्री. पहिल्याच चालीला एक पंजा पुढे करायचे. ताई खेकसायची, "अगं, पहिल्या चालीला कोण मारतंय तुला? मंत्र तरी भरलाय का कुणी? दोन्ही मुठींनी सुरुवात कर." ती स्वतः तशीच करायची, आणि मग वीज उजवीकडून येणार की डावीकडून, हे मला कधी म्हणजे कधीच ओळखता आलं नाही. इतक्या वर्षांत मी एकदाही जिंकले नव्हते.

मग ताईचं लग्न ठरलं, कल्याणला. ती जायच्या आत एकदा तरी तिला हरवायचंच, एवढं एकच माझ्या डोक्यात. लग्नाच्या आदल्या दुपारी आत्याने तिच्या दोन्ही हातांवर मेंदी काढली. ओली मेंदी! मूठ वळणार कशी? म्हणजे पहिल्याच चालीला दोन्ही पंजे. लाज गुंडाळून ठेवून मी विचारलं, "ताई, एक डाव?"

"चल," ती म्हणाली.

एक, दोन, तीन. तिचा उजवा पंजा उघडा होता, आणि डाव्या हाताची घट्ट मूठ. बोटांच्या फटींतून हिरवा लगदा बाहेर येत होता. मी त्याच्याकडेच बघत राहिले. पुढच्या चालीला हात पुढे आणायचंही मला सुचलं नाही. तिचं बरबटलेलं बोट मात्र माझ्यावर रोखलेलं होतं.

"मेलीस," ती म्हणाली.

आत्याने आम्हा दोघींचा उद्धार केला. मला इतकं अपराधी वाटलं की मी रडायलाच लागले. ताई उलट माझ्यावरच चिडली. "रडतेस काय? जाता जाता तुला असं लबाडीने जिंकू देईन होय मी?"

दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळी गाडीच्या खिडकीतून तिने दोन्ही मुठी बाहेर काढल्या. मग डावी उघडली. नक्षी नव्हतीच, नुसता लालभडक डाग. ती रडत होती आणि हसतही होती. मी दोन्ही पंजे पुढे केले.