डेसने बांधलेलं स्टँड

व्हर्ना कूखेलची उंची चार फूट अकरा इंच. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण तिच्या नवऱ्याच्या, डेसच्या, ते चाळीस वर्षं संसार करूनही लक्षात राहिलेलं नव्हतं.

व्हर्ना शाळेची बस चालवते. सीटवर दोन उश्या घेऊन, पण बसमध्ये दंगा करायची कुणाची टाप नाही. आणि गेली सव्वीस वर्षं ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बिअर बनवते. एका वेळी तेवीस लिटर. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, गरम पाण्यात तासभर ठेवायचं, बापाच्या होडीचं वल्हं कापून केलेल्या ढवळण्याने हलवत राहायचं आणि नाकाने ओळखायचं की झालं. तो गोड काढा गाळून, हॉप्सची कडू फुलं घालून उकळायचा आणि तसाच कढत कढत प्लास्टिकच्या जाड कॅनमध्ये ओतून बूच आवळायचं. सकाळपर्यंत तो आपला आपण निवतो, मग यीस्ट. काढ्यावर पाणी खेळवून तो निववायची चैन या मुलखात कुणाला परवडते? ऑक्टोबर सरला की उन्हाळा लागतो आणि आभाळाकडे बघणंसुद्धा लोक सोडून देतात. आणि डेस? त्याने सव्वीस वर्षांत एक बाटली विसळली नव्हती. प्यायला मात्र पहिला.

ईस्टरला गावच्या फुटबॉल क्लबची शंभर वर्षं भरत होती. जानेवारीत क्लबचा अध्यक्ष केल्विन श्वेर्ट दारात आला.

"व्हर्ना, त्या दिवशी विकतची बिअर नको. तुझ्या हातची पाहिजे. शंभर लिटर तरी."

व्हर्ना चक्क लाजली. क्लबच्या नेटबॉल टीममध्ये ती चौदा वर्षं खेळली, पण क्लबने तिच्याकडे आजवर मागितले ते फक्त सँडविच.

"करते की," ती म्हणाली. "एक मोठं भांडं तेवढं लागेल."

एवढं बोलायचा अवकाश, दोन्ही पुरुषांच्या अंगात आलं. डेस निवृत्त वेल्डर. तिने मागितलं भांडं आणि याने तीन आठवडे खपून लोखंडी अँगलचं दुमजली स्टँड उभं केलं. खालच्या फळीवर शेगडी आणि उकळायचं पातेलं, वरच्या फळीवर माल्टचं. खालची फळी डेसच्या कंबरेला, म्हणजे त्याला वाकायला नको. आणि वरच्या पातेल्याचा काठ? सात फुटांवर. व्हर्नाने मान वर करून बघितलं, तिला नुसतं पातेल्याचं बूड दिसलं.

"अरे, मी ढवळू कशी?"

"तू कशाला ढवळतेस? आम्ही आहोत ना," डेस म्हणाला.

"शिडी घेते."

"उकळतं पाणी आहे, बाई!" केल्विन म्हणाला. "पडलीस म्हणजे? तू आपली खालून सांग."

खालून सांग! सव्वीस वर्षांची तिची विद्या, आणि हे आयत्या बिळावरचे नागोबा वरून विचारणार, "एवढं पुरे का गं?" बिअर घातली त्या दिवशी वल्हंसुद्धा डेसच्या हातात गेलं होतं. बापाचं वल्हं. तिला वास येत नव्हता, दिसत नव्हतं. ती शेडच्या दारात उभी राहिली, मग केल्विनने जेवणाचं विचारलं तेव्हा आत जाऊन हॅम कापू लागली. आतून धुमसत होती, तरी कापलं. त्याचाच तिला पुढे कितीतरी दिवस जास्त राग येत राहिला.

काढा उकळला तेव्हा तिने खिडकीतून ओरडून सांगितलं, "कॅनमध्ये भरा!"

"ते छोट्या कामाला ठीक," केल्विन हसला. "मोठे लोक तांब्याच्या नळीने निववतात."

त्याने नळीचं वेटोळं काढ्यात सोडलं, होजपाइप पावसाच्या पाण्याच्या टाकीला जोडला, नळीचं दुसरं टोक झाडाखाली सोडलं आणि दोघं क्रिकेट बघायला बसले. फेब्रुवारीचं ऊन. टाकीतलं पाणीच कोमट, ते काय निववणार, कपाळ? म्हणून ते वाहतं ठेवलं. दोन डाव संपले तरी वाहतं ठेवलं.

झाडाखालचा चिखल बघून व्हर्ना धावली. टाकीच्या पन्हळी पत्र्यावर बोटाने वाजवत ती वरून खाली आली. पोकळ. पोकळ. सकाळी जिथे आवाज बद्द येत होता तिथेही पोकळ. पावसाळ्यापर्यंत पुरवायचं प्यायचं पाणी जमिनीत गेलं होतं. तिने नळ करकचून बंद केला. तोंड उघडलं असतं तर शिव्याच आल्या असत्या.

काढा तरीही गरमच होता. केल्विनने त्यातच यीस्ट टाकलं. आठवड्याने झाकण उघडलं तर नखांचा रंग काढायच्या औषधासारखा वास. शंभर लिटर ओतून द्यावे लागले.

आणि त्याच संध्याकाळी केल्विन पोस्टर घेऊन आला. वर क्लबचं चिन्ह, खाली ठळक अक्षरात: "चाखा डेस कूखेलची खास बिअर."

व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पोस्टर घडी करून एप्रनच्या खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी बसची फेरी संपवून ती घरी आली. डेस ट्रेलर घेऊन शहरातून पाणी आणायला गेला होता, आता हे त्याला रोजचंच झालं होतं. व्हर्नाने पातेली उतरवली, खांद्याने रेटून स्टँड आडवं पाडलं, डेसचा कामाचा चष्मा लावला आणि त्याचाच लोखंड कापायचा ग्राइंडर चालू केला. पाय चार. प्रत्येकाचे अडीच फूट.

डेस आणि केल्विन शेडमध्ये आले तेव्हा ती दुधाच्या उपड्या क्रेटवर उभी राहून वरच्या पातेल्यात, घरातून तापवून आणलेल्या पाण्यात, माल्ट ढवळत होती. वल्हं तिच्या हातात होतं. कापलेले चार तुकडे दाराशी रचून ठेवले होते.

"व्हर्ना! अगं, हे काय केलंस?" डेस किंचाळला. "शेगडी पेटवायची तर लोटांगण घालावं लागेल!"

"घाल."

"माझं स्टँड गं ते..."

"स्टँड तुझं. बिअर माझी. बनवणारीच्या मापाचं नसेल तर ते भंगार."

केल्विनने घसा साफ केला. तिने खिशातलं पोस्टर काढून त्याच्यासमोर धरलं.

"ते, ते चुकून झालं. पण शंभर छापून आलीत, व्हर्ना."

"मग शंभर वेळा खोड आणि शंभर वेळा माझं नाव लिही. पेन टेबलावर आहे."

केल्विन टेबलाकडे गेला. डेस कण्हत गुडघ्यांवर बसला, मग पोटावर, आणि काडी ओढली. शेगडी पेटली. तो उठून तिच्याकडे बघू लागला. आता ती त्याच्याहून बोटभर उंच होती.

"झालं? आता मी काय करू?" त्याने विचारलं.

व्हर्नाने पातेल्यावर वाकून वास घेतला, आणि वल्हं न थांबवता म्हणाली, "बाटल्या धू. सव्वीस वर्षांच्या बाकी आहेत."