अर्धी टाकी

तेलातून पाणी वेगळं काढणं ही माझी नोकरी. बावीस वर्षं मी कुवेतमध्ये हेच करतो आहे, आणि नाशिकच्या नातेवाइकांना अजून वाटतं की मी पेट्रोल पंपावर असतो.

घरी मात्र माझं शास्त्र निराळं होतं. दर मे महिन्यात इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक इशारा फिरतो: उन्हाळ्यात गाडीची टाकी पूर्ण भरू नका, पेट्रोल फुगून टाकी फुटते. फुगायला लागणारी जागा टाकीत आधीच सोडलेली असते, हे इंजिनिअर म्हणून मला माहीत होतं. बाप म्हणून माहीत नव्हतं. मी तो इशारा इमानेइतबारे पुढे पाठवायचो आणि आमच्या खैतान भागातल्या पंपावर काच खाली करून "बस भाई, आधा" म्हणायचो. मागच्या सीटवर बसलेली मुलगी ते बघतच मोठी झाली. तिला गाडी शिकवली तेव्हा आरशांच्या आधी मी टाकीचा काटा दाखवला. बायको म्हणायची, "हे प्लांटमध्ये बोलू नका हं, नाहीतर घरी पाठवतील."

मुलगी फिजिओथेरपिस्ट होऊन कॅनडाला गेली, हिवाळ्यात पारा उणे पस्तीसला उतरतो अशा गावात. जाताना आम्ही तिला दोन जाड कोट दिले. टाकीबद्दल काही वेगळं सांगावं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. दर शुक्रवारच्या फोनवर तिच्या गाडीची चौकशी मात्र करायचो. तिथे फिजिओथेरपीचं काम करायचं तर लायसन्सची परीक्षा द्यावी लागते. पहिल्या खेपेला ती थोडक्या गुणांनी नापास झाली होती. दुसऱ्या खेपेच्या दिवशी आमच्याकडे शुक्रवारची दुपार होती, तिच्याकडे सकाळ. मी चहा गाळत होतो आणि तिचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, गाडी स्टार्टच होत नाहीये. नऊला एक्झाम आहे."

टोपी, मफलर आणि मधे दोन डोळे, एवढीच मुलगी दिसत होती. बॅटरी ठीक होती. इंजिन फिरत होतं, पेटत नव्हतं.

"टाकीत पेट्रोल किती आहे?"

"हाफपेक्षा थोडं कमी. नेहमीसारखं."

एसीला चार महिन्यांची सुट्टी दिलेल्या त्या गार दुपारी मला घाम फुटला. टाकीच्या रिकाम्या अर्ध्या भागात हवा असते आणि हवेत ओल असते. एवढ्या थंडीत ती ओल टाकीच्या आतल्या बाजूवर जमते, पाणी होऊन तळाशी जाते, आणि पेट्रोलच्या नळीत बर्फाचं बूच बसतं. टाकी भरलेली ठेवायची आणि अधूनमधून पाणी शोषणारं अल्कोहोल त्यात ओतायचं, एवढाच त्यावर उपाय. जन्मभर ज्या पाण्याच्या मागे लागलो, ते मीच माझ्या मुलीच्या गाडीत घातलं होतं.

हे कबूल करायचं सोडून मी व्याख्यान सुरू केलं. गाडी गरम गॅरेजमध्ये ढकल, दुकानातून अमुक बाटली आण, दोन तास थांब. दहा मिनिटं मी बोलत होतो आणि ती त्या थंडीत उभी राहून ऐकत होती. शेवटी बायकोने फोन हिसकावला.

"गाडी मरू दे. शेजारच्यांचं दार वाजव आणि सोडायला सांग. आत्ता."

शेजारच्या गृहस्थांनी तिला सोडलं. परीक्षा केंद्राच्या दारात ती जेमतेम वेळेवर पोचली.

निकाल लागेपर्यंतचे आठवडे मला फार जड गेले. ती पुन्हा नापास झाली तर दोष माझा, हे बायको बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा मी जास्त घाबरतो. रोज ठरवायचो की आज मुलीला खरं सांगू, आणि रोज हवापाणी विचारून फोन ठेवायचो.

मुलगी पास झाली. तिचं अभिनंदन केलं आणि एकदाचं सांगून टाकलं: टाकी भरलेली ठेव. अर्धी ठेवायला मी शिकवलं, ते साफ चुकीचं होतं.

"आय नो, बाबा. पहिल्याच विंटरला इथल्या मेकॅनिकने सांगितलं होतं."

"मग भरत का नव्हतीस?"



"तू दर शुक्रवारी विचारायचास ना, टाकी अर्धीच ठेवतेस ना म्हणून. तुला खोटं कसं सांगणार?"