न्यूट्रॉनच्या पेटीवर नारळ

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा, कारण मी एकदा युरोपातल्या एका भल्याथोरल्या प्रयोगशाळेवर नारळ फोडलाय. म्हणजे अख्ख्या प्रयोगशाळेवर नाही, तिच्या एका तुकड्यावर. पण व्हायचं ते एवढ्यानंच झालं.

आमचं वर्कशॉप आष्टीत. उसाच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, गेटं, गोठ्यांचे सांगाडे. आता तुम्हीच सांगा, असल्या माणसाचा आणि न्यूट्रॉनचा संबंध काय? तर तिकडं बरेच देश मिळून एक न्यूट्रॉनचं संशोधन केंद्र बांधतायत. आपण गणपतीला वर्गणी काढतो तशी त्यांची वर्गणी, फक्त रोख कमी आणि सामान जास्त. कुणी यंत्र देतो, कुणी माणसं पाठवतो. न्यूट्रॉनचा झोत सोडून वस्तूच्या पोटात काय दडलंय ते बघायचं, असा तो कारभार. त्या झोताच्या वाटेवर स्टीलच्या पोकळ पेट्या लागतात, आतली सगळी हवा ओढून काढलेल्या. त्यांचं काम पुण्याच्या एका कंपनीला मिळालं. त्या कंपनीच्या जोगळेकर साहेबांनी कुठंतरी आमच्या टँकरवरचं वेल्डिंग बघितलं आणि माग काढत ते आष्टीला आले.

वेल्डिंग अर्थातच सलीमभाईंचं. वडलांच्या काळापासून ते आमच्याकडं आहेत. त्या वर्षी पाऊस रुसला होता, ट्रॉल्यांच्या ऑर्डरी आटल्या होत्या आणि दोन वेल्डर मी आधीच घरी पाठवले होते. हे काम हातून गेलं असतं तर सलीमभाईंनाही ठेवणं जमणार नव्हतं. हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, आणि आम्ही दोघंही त्यावर अवाक्षर काढत नव्हतो.

जोगळेकर साहेबांनी बजावून सांगितलं होतं, "अंकुशराव, पेटीच्या तोंडाची कडा म्हणजे तिचा जीव. केसाएवढा चरा गेला तरी तिथून हवा आत शिरते. उघड्या बोटाचा ठसासुद्धा नको. पहिली पेटी पास झाली तर पुढच्या सगळ्या तुमच्या."

पेटी झाली. पिंपाएवढी, चकचकीत, आरशात बघावं तसं तोंड दिसत होतं तिच्यात. तपासायला जोगळेकर साहेब एका गोऱ्या साहेबाला घेऊन निघाले. फोन आला, नगर ओलांडलं.

आता आमच्या वर्कशॉपातून नारळ फोडल्याशिवाय साधं गेटसुद्धा बाहेर पडत नाही. ट्रॉलीचा नारळ ट्रॉलीवरच फुटतो. मग एवढी परदेशी जाणारी पेटी, ती काय तशीच पाठवायची? मी पेटीवर गुंडाळलेलं प्लास्टिक बाजूला केलं. ठसा उमटू नये म्हणून पांढरे हातमोजे चढवले आणि नारळ उचलला. हो, हातमोजे घालून. अक्कल वापरली ती एवढ्यापुरतीच.

सलीमभाई म्हणाले, "शेठ, खाली दगडावर फोडा."

"आजवर कोणच्या ट्रॉलीचा दगडावर फोडला आपण?" असं म्हणून मी हाणला.

नारळ फुटला. पण त्याच्याबरोबर माझं मनगट खाली आलं, आणि मनगटातलं स्टीलचं घड्याळ खण्णकन कडेवर आदळलं.

पाणी पुसून बघतो तर चरा. बारीक, नखाला लागेल न लागेल असा. सलीमभाईंनी एकदा चऱ्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि ते स्टुलावर बसले. तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज.

काय करणार तुम्ही अशा वेळी? पाहुण्यांसाठी झेंडूचे हार आणून ठेवले होते. त्यातला एक उचलला आणि पेटीच्या तोंडावर गोल चढवला. चरा झाकला. फुलं लई ताजी होती, त्यातल्या त्यात तेवढंच बरं.

गोरे साहेब आत आले. त्यांचं नाव एरिक. उंच, शांत, घामानं डबडबलेले. नमस्कार केला, खिशातून स्वतःचे हातमोजे काढले आणि थेट हाराला हात घातला.

"नो सर," मी मध्ये पडलो. "टुडे नो."

जोगळेकर साहेबांनी विचारलं, "का हो?"

"साहेब, पूजेचा हार दुसऱ्या दिवसापर्यंत काढत न्हाईत. लई कडक असतंय आमच्याकडं."

"आमच्याकडे नाही असं काही."

"तुमच्याकडं म्हंजी पुण्यात. हा मराठवाडा हाय."

ते इंग्रजीत सांगितल्यावर एरिक साहेब चटकन दोन पावलं मागं सरकले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मग सलीमभाईंकडं वळून काहीतरी विचारलं. जोगळेकर म्हणाले, "तुम्हीपण पाळता का, विचारतायत."

सलीमभाईंनी माझ्याकडं जे बघितलं ते मी अजून विसरलो नाही. मग म्हणाले, "हां साहब, हम बी मानते. दुकान एकच हाय ना."

माझा हिशेब सोपा होता. पाहुणे नगरला लॉजवर जातील, आणि ते वळणावर दिसेनासे झाले की आम्ही पॉलिश घेऊन बसू. पण एरिक साहेबांनी खुर्ची ओढली, पेटीसमोर मांडली आणि बसले. म्हणाले, उद्याच बघू, घाई नाही, आज इथंच बसून ही प्रथा समजून घेतो. हार काढला तर काय होतं, विचारलं. मी म्हणालो, मालकावर संकट येतं. ह्यात निदान खोटं काही नव्हतं.

पुढं देव कोण, मंत्र कुठला, हार झेंडूचाच का. मी उत्तरं बनवत होतो, जोगळेकर ती इंग्रजीत करत होते आणि दर उत्तराला त्यांच्या भुवया थोड्या आणखी वर जात होत्या. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. सलीमभाई वेल्डिंगचा एक थंड होल्डर हातात घेऊन उगीच पुसत होते.

आणि अशात आमची आई चहा घेऊन आली.

कप दिले, पाहुण्यांकडं बघितलं, आणि मला म्हणाली, "कावून रं अंकुश, पाव्हण्याच्या गळ्यात हार न्हाई घातला? लोखंडाला घालून बसलाय."

मी उठेपर्यंत तिनं पेटीवरचा हार काढला आणि एरिक साहेबांच्या गळ्यात घातला.

चरा उन्हात चमकला. एरिक साहेब गळ्यातला हार एका हातानं सावरत वाकले, दुसऱ्या हातानं खिशातलं भिंग काढून बघत राहिले. मला राहवलं नाही. नारळ, घड्याळ, हार, सगळं सांगून टाकलं. "चूक माझी हाय साहेब. सलीमभाईंच्या जोडात खोट न्हाई, ते तेवढं बघा."

एरिक साहेब बराच वेळ काहीतरी बोलले. जोगळेकर साहेबांनी कपाळाला हात लावला.

"अंकुशराव, चऱ्याचं काय घेऊन बसलात? ही नमुन्याची पेटी आहे. आम्ही ती मधोमध कापून आतले जोड बघायला आलोय. मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं."

मेल इंग्रजीत होता हो. मी चित्र बघून काम केलं होतं.

जीव असा भांड्यात पडला की काय सांगू. "मग कापा की साहेब!" मी म्हणालो. सलीमभाई कटर आणायला पळालेसुद्धा.

एरिक साहेबांनी हात वर केला. पूजा झालेल्या वस्तूला ते करवत लावणार नाहीत म्हणे. कुणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही, असं त्यांना निघतानाच सांगितलेलं.

"साहेब, ते हाराचं मी थापा मारल्या. असलं काही नसतंय."

जोगळेकरांनी ते सांगितलं, उत्तर ऐकलं आणि माझ्याकडं वळले. "ते म्हणतायत, हार खोटा असेल. पण नारळ तर खरा फोडला ना?"

मी आईकडं बघितलं.

आई कप गोळा करत म्हणाली, "बराबर बोलतोय पाव्हणा. पूजेच्या वस्तूला कुणी कापतंय व्हय?"

झालं. दुसरी पेटी आमच्या खर्चानं केली. नारळ सोडा, तिच्यासमोर मी उदबत्तीसुद्धा लावली नाही. ते परत आले, पेटी उभी कापली, जोड बघितले आणि एरिक साहेबांनी सलीमभाईंचा हात दोन्ही हातांत धरला. काम मिळालं. सलीमभाई आहेत, आणि घरी पाठवलेले दोघंही परत आलेत.

पहिली पेटी आईनं घरी नेली आणि तिच्यात ज्वारी भरली. आल्यागेल्याला कौतुकानं दाखवते. परवा चकलांब्याचे सोयरे आले होते, त्यांना म्हणाली, "आमच्या अंकुशनं फॉरेनला पाठवायला केलती. तिथं न्हाई चालली. पण ज्वारीला बरी हाय."