सामानाजवळ एक माणूस

जहाजातल्या खोलीकडून काय अपेक्षा ठेवावी असं मला कुणी विचारलं, तर मी सांगेन की आधी तिकीट कोण काढतंय ते बघा. आमचं तिकीट माझ्या नवऱ्याच्या सल्ल्याने निघालं. हे सिकंदराबादला रेल्वेच्या आरक्षण खात्यात होते. निवृत्त झाले, तरी काचीगुड्यातली आमची अख्खी गल्ली अजून यांना विचारूनच बर्थ घेते. चाकावरचा नको, दाराजवळचा नको, डब्याच्या मधोमधचा घ्या, असं हे झोपेतही सांगतील. मुलाने चेन्नईहून निघणाऱ्या जहाजाची सहल आम्हाला भेट द्यायची ठरवली, तेव्हा खोली निवडायचं काम आपसूकच यांच्याकडे गेलं.

मला एकच हवं होतं. अंथरुणात पडल्या पडल्या समुद्र दिसावा आणि शेजारी हे असावेत. माझं माहेर मलकपेठचं, सासर काचीगुड्याचं. समुद्र म्हणून जो काय पाहिला होता तो सहलीच्या बसमधून, तोही ड्रायव्हरच्या मर्जीने. हे मी यांना एकदा नाही, दहादा सांगितलं होतं. हे "हौ, हौ" म्हणाले आणि मुलाला फोनवर म्हणाले, "खिडकी नक्को. ऊन येतं, खारं वारं येतं. खालच्या मजल्यावरची, मधली बघ. हलत नाही."

ती हलत नव्हती, एवढं कबूल करते. पण दार उघडलं आणि मी कपाळाला हात लावला. नुसत्या चार भिंती. एका भिंतीवर पडदा होता, तो आशेने ओढला तर मागे आरसा. पलंग ऐसपैस, पण त्याच्या बाजूने जायचं तर अंग चोरून जावं लागे. न्हाणीघरात साबण पडला तर तो उचलायला आधी दार उघडावं लागे. दिवा मालवला की भर दुपारी मिट्ट काळोख. टीव्हीवर एक चॅनल होतं, त्यावर जहाजाच्या पुढच्या टोकाला लावलेल्या कॅमेऱ्यातून समुद्र दाखवायचे. यांनी ते लावलं आणि भगीरथाच्या थाटात म्हणाले, "घे. पडल्या पडल्या दिसतो." मी टीव्ही बंद केला.

सामानाचा तमाशा तर बंदरावरच झाला होता. तिथे बॅगा आपल्याकडून घेतात आणि नंतर खोलीच्या दाराशी आणून ठेवतात. यांनी दिल्या नाहीत. गणवेशातल्या मुलीला म्हणाले, "नक्को अम्मा, हमारा सामान हमारे पास रहने दो." खोलीत शिरल्याबरोबर पिशवीतून साखळी निघाली, कुलूप निघालं, आणि बॅगा बांधायला कडी शोधत हे पलंगाखाली रांगू लागले. जित्याची खोड, ती काय समुद्रावर जाणार? कडी सापडली नाही. "कसली जहाजं बांधतात," म्हणाले.

कडी नाही म्हणजे पहारा आला. आमच्या घरचा नियमच आहे, सामानाजवळ एक माणूस. गाडी थांबली की एकाने चहाला उतरायचं, दुसऱ्याने बॅगेवर हात ठेवून बसायचं. सगळा संसार आम्ही असाच प्रवास केला. फलाटावर दोघांनी मिळून चहा घेतलाय, असं एकदाही झालं नाही. गाडीत ते ठीक होतं. इथे दाराला कुलूप, कपाटात तिजोरी, आणि बॅगेत चोरण्यासारखं काय, तर दोन स्वेटर. तरी हे जागचे हलेनात. "तू जाऊन ये. मी बसतो."

मी गेले. वरच्या डेकवर सगळी जोडपी, मीच तेवढी एकटी. समुद्र होता, खूप होता, पण मला इतकी चीड आली होती की धड बघवेना. जेवायलाही एकटीच बसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चौकशी केली, "अंकल की तबियत ठीक नहीं क्या?" सामानाजवळ बसलेत असं सांगायची मला लाज वाटली. पोट बिघडलंय म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत आले, तर हे पलंगाच्या मधोमध बसलेले, अंगात कपाटातलं ते केशरी तरंगतं जाकीट, सगळे पट्टे आवळून.

"हे काय?"

"कसं बांधतात बघत होतो."

"काल सगळ्यांना शिकवलं की."

हे बॅगांकडे बघू लागले. माझा तोल गेला. "जाऊ द्या ते सामान समुद्रात. मी काय इथे एकटीने फिरायला आले? त्यापेक्षा घरी बसले असते."

यांनी एक पट्टा सैल केला, पुन्हा आवळला. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "मला पाण्याचं भ्या वाटतं. लहानपणापासून. खिडकी असती तर सारखं दिसलं असतं."

दया आली असं म्हणायला हवं, पण खरं सांगायचं तर मी आणखीच भडकले. इतक्या वर्षांत हे सांगता आलं नाही? आधी बोलले असते तर उटीला गेलो असतो.

"तुला समुद्र बघायचा होता ना," हे म्हणाले.

यावर भांडायला माझ्याकडे काही उरलं नाही, आणि त्याचाही मला रागच आला. "ते जाकीट काढा आणि चला," एवढंच मी म्हणाले. बॅगांकडे दोघांनीही बघितलं नाही.

डेकवर आल्यावर हे कठड्यापासून लांब, भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. "काय दिसतंय, सांग."

एवढी हौस केली होती, आता तासभर बोलता येईल असं मला वाटलं होतं.

"पाणी," मी म्हणाले. "नुसतं पाणी."

"तेच तर," हे म्हणाले आणि चाचपडत माझा हात धरला. लग्नानंतर चारचौघांत यांनी माझा हात धरल्याचं मला आठवत नाही. बांगडी मनगटात रुतत होती. म्हटलं, रुतू दे.