बारीक संगीताचं पारितोषिक

तबकडी हातात घेतली की भाऊ ती दोन्ही तळव्यांच्या मध्ये कडेनं धरायचे, उन्हाकडे तिरपी करून निरखायचे आणि मग नाकाजवळ नेऊन तिचा वास घ्यायचे. आंबा पिकला की नाही ते बघावं तसं. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत म्हणायचे, "पह्यले आयका, मंग बोला."

हे वाक्य त्यांनी गिऱ्हाइकांना ऐकवलं, सरपंचांना ऐकवलं आणि एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही ऐकवलं. साहेब फक्त रस्ता विचारत होते.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी पिंपळगाव राजा या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला होतो. बाजाराच्या रांगेत भाऊंचं लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान होतं. दोन भोंगे, एक मशीन, वायरींचं एक वेटोळं आणि भाऊ. उंच, सडपातळ माणूस, खांदे जरा पुढं झुकलेले. सतत कशाच्या तरी आत डोकावत असल्यासारखे दिसायचे. त्यांना नाव होतं, पण ते वापरताना मी कुणाला पाहिलं नाही. सगळं गाव भाऊच म्हणायचं. त्यांची बायकोसुद्धा चुकून दोनदा म्हणाली होती.

खामगावकडच्या एका दवाखान्यातली गोरी डॉक्टरीण कायमची मायदेशी निघाली, तेव्हा तिच्या सामानाचा लिलाव झाला. भाऊ तिथं भोंगा घ्यायला गेले आणि एक ग्रामोफोन अन् एक लाकडी पेटी घेऊन आले. पेटीत तबकड्या होत्या. कव्हरांवर केसांचे टोप घातलेल्या माणसांची चित्रं. भाऊ मला म्हणाले, "मास्तर, हे सगये न्यायाधीश दिसून राह्यले."

पहिल्या दिवशी त्यांनी तबकडी नेहमीच्या वेगावर लावली. ती सावकाश फिरणाऱ्या जातीची होती, हे कुणाला ठाऊक! दुकानातून असा काही खडखडाट निघाला, की समोरचे करीमचाचा शिंपी धावत बाहेर आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"भाऊ, माह्या मशीनले काय झालं पाहा बरं. मी पाय थांबवला, तरी चालूनच राह्यली ते!"

मी पुढं होऊन वेगाचं बटण फिरवलं. मग त्या खडखडाटातून एकेक स्वर वेगळा होऊन बाहेर पडू लागला. भाऊ बाकावर बसले. तबकडी संपली तरी बसूनच राहिले.

"मास्तर, हे काय हाय? पेटी म्हनावं तं आत तारा वाजून राह्यल्या. सतार म्हनावं तं बाई बोटानं पट्ट्या दाबून राह्यली. फोटोत दिसते ना."

मी कव्हर वाचलं. वाद्याचं नाव हार्पसिकॉर्ड. वाजवणाऱ्या बाई हॉलंडच्या. आणि संगीत बरोक.

"बारीक?"

"बारीक नाही भाऊ, बरोक."

"तेच म्हनून राह्यलो मी. बारीक. कसं जात्यातून पडल्यावानी पडते, पाहा ना!"

मी दिवसभर पोरांचे उच्चार सुधारणारा माणूस. पण तबकडी पुन्हा ऐकली आणि हा उच्चार तसाच राहू दिला. बारीक होतंच ते.

त्या दिवसापासून भाऊ बिघडले. म्हणजे लोक तसं म्हणू लागले. शेजारच्या गावात एका लग्नात नवरदेव पारावरून निघाला आणि भाऊंनी भोंग्यावर बारीक संगीत सोडलं. वाजंत्री थांबले. घोडी थांबली. नवरीचा बाप मांडवातून ओरडत आला, "काय लावलं बे हे? वरात हाय का घड्याळाचं दुकान?"

भाऊ म्हणाले, "पह्यले आयका, मंग बोला."

नवरीच्या बापानं ऐकलं नाही. बोलला मात्र बराच वेळ.

त्या लग्नाहून परत येताना बैलगाडीत भाऊ प्रथमच माझ्याशी मोकळेपणानं बोलले. "मास्तर, वीस वर्षं झाली, लग्नाईत वाजवून राह्यलो. लोक जेवतात, भांडतात, झोपतात. कोनी आयकत नाई. भोंगा बंद पडला तंच लोकाईले समजते का भाऊ आला होता म्हनून." मग वायरींचं वेटोळं मांडीवर ओढून म्हणाले, "एकडाव तरी सगये गप बसले पायजे."

पारितोषिकाची कल्पना त्यांना जनावरांच्या प्रदर्शनात सुचली. तिथं एका वळूच्या गळ्यात हार घातला, पाठीवर झूल टाकली आणि हजारभर लोक तो वळू काहीही करत नसताना त्याच्याकडे टक लावून बघत उभे राहिले. भाऊ तडक माझ्या खोलीवर आले.

"बैलाले बक्षीस भेटते, नाटकाले भेटते, मंग तव्याले काऊन नाई? आपन देऊ. उत्कृष्ट बारीक तवा!" तबकडीला आमच्याकडे तवा म्हणत.

परीक्षक तिघे नेमले गेले. मी, कारण मला कव्हरं वाचता येत. करीमचाचा, कारण त्यांचा पाय दिवसभर ठेक्यात चाले. आणि दुकानापुढं भाजी विकणाऱ्या पारबताबाई, कारण त्यांना नको म्हटलं तरी ऐकू येतच असे. गुणांचे तक्ते भाऊंनी प्रदर्शनातूनच उचलले होते. चाल, अंगलट, आवाज आणि शेपूट.

"शेपूट?" मी विचारलं.

"म्हंजे शेवट हो. शेवट कसा करते ते."

हसू नका. मी पुढं मोठ्या शहरांत संगीतावर विद्वानांची भाषणं ऐकली आहेत. या चार रकान्यांबाहेरचं फारसं कुणी काही बोललं नाही.

तीन रविवार दुपारी आम्ही ऐकत होतो. मी मोठ्या गायकवृंदाची तबकडी उचलून धरली. खरं सांगायचं तर तिचं कव्हर फार देखणं होतं. करीमचाचांना व्हायोलिनची जलद तबकडी हवी होती, कारण तिच्या एका बाजूत त्यांच्या दोन बाह्या शिवून होत. पारबताबाईंनी मात्र त्या हॉलंडच्या बाईंची तबकडी धरली ती सोडेचनात. तिच्यावर एक चरा होता. सुई तिथं आली की अडकायची आणि एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजायचा. भाऊ बोटानं हलकेच ढकलत, मग गाडी पुढं निघे.

"ती तबकडी बिघडलेली आहे, पारबताबाई," मी म्हणालो.

"काऊन बिघडली? मी सकायपासून वांगे घ्या, वांगे घ्या म्हनते, मंग मले कोनी बिघडली म्हनते का? त्या बाईले तेवढं आवडलं असन, म्हनून म्हनते ते घडीघडी."

करीमचाचा म्हणाले, "बात सही हाय." मी एकटा पडलो आणि मुकाट्यानं सही केली.

मी कंपनीच्या पत्त्यावर इंग्रजीत पत्र लिहिलं. समारंभ झाला की त्यासोबत एक शाल आणि खोबऱ्याची वाटी पाठवायची ठरली. नारळच जाणार होता, पण पोस्टमास्तरांनी तो कानाशी हलवून पाहिला आणि आत पाणी आहे म्हणून परत दिला. समारंभाला बाजाराचा दिवस धरला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण हॉलंडच्या बाईंना बक्षीस आहे, ही बातमी पंचक्रोशीत फिरता फिरता हॉलंडच्या बाई बक्षीस घ्यायला येणार आहेत, अशी झाली. बाजारात मुंगीला वाट उरली नाही. बाया नव्या लुगड्यांत आल्या होत्या. एकानं बाईंसाठी टोपलीभर संत्री आणली. सरपंच स्वतःची खुर्ची घेऊन आले आणि शेजारी पाहुणीसाठी दुसरी, गादीवाली. शेजारच्या गावचा तो नवरीचा बापही पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. लगीनसराई तोंडावर होती. आज हसं झालं असतं तर पुढचे सगळे मांडव भाऊंच्या हातून गेले असते.

सरपंचांनी मोठ्यानं विचारलं, "भाऊ, बाई कुठं हाय?"

भाऊंनी हातातली तबकडी एकदा उन्हाकडे तिरपी केली. मला वाटलं, आता हा माणूस मागच्या दारानं जाईल. पण ते पुढं आले, गादीवाल्या खुर्चीवर ग्रामोफोन ठेवला, त्याला शाल पांघरली, हार घातला आणि म्हणाले, "बाई यात हाय. पह्यले आयका, मंग बोला."

एकच हशा उसळला. नवरीचा बाप तर मांडी थोपटत हसला. त्या गोंगाटातच तबकडी सुरू झाली होती. कुणाला काही ऐकू येत नव्हतं. आणि मग सुई चऱ्यावर आली.

टिण टिणाक टिण. टिण टिणाक टिण. भाऊ ढकलायला वाकले आणि थांबले. का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. पाचव्या खेपेला मागं कुणी तरी टाळी वाजवली. आठव्या खेपेला सगळा बाजार ठेका धरून टाळ्या वाजवत होता. सरपंचांचा पाय हलत होता. नवरीचा बाप काहीच करत नव्हता, पण त्याची टोपी आपल्याच हिशेबानं डुलत होती. शेवटी पारबताबाई ओरडल्या, "भाऊ, आता जाऊ द्या तिले पुढं!"

भाऊंनी बोट लावलं. पुढं एक संथ भाग होता. आता ही बाई पुन्हा कुठं अडकते, हे पकडायला सगळे कान देऊन बसले. ती कुठंच अडकली नाही. एवढ्या मोठ्या बाजारात फक्त एक गाय हंबरली, आणि तिला चार जणांनी गप केलं.

तबकडी संपली. सरपंच उठून म्हणाले, "या बाईनं असंच दरसाल चांगलं पीक काढावं," आणि बसले. भाऊ माझ्याजवळ आले. "मास्तर, आयकलं ना हो त्याईनं."

"ऐकलं भाऊ."

"सगयाईनं?"

"सगळ्यांनी."

काही महिन्यांनी हॉलंडहून खरोखरच पार्सल आलं. बाईंनी लिहिलं होतं, की शाल वापरते आहे. ती वाटी कसली ते समजलं नाही, पण सुंदर आहे, वाद्यावर ठेवली आहे. सोबत त्याच तबकडीची कोरी प्रत होती. आम्ही ती लगेच लावली. चऱ्याच्या जागी संगीत सरळ पुढं निघून गेलं. पारबताबाईंनी तोंड वाकडं केलं. "भ्याली बाई. मागच्या वक्ताले कशी ठासून म्हनली होती."

पत्राच्या शेवटी बाईंनी समारंभाचा एक फोटो मागितला होता. फोटो काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मग काय, पुढच्या बाजारच्या दिवशी समारंभ पुन्हा झाला. यात्रेकरूंचे फोटो काढणारा एक जण शेगावहून आणला. तीच शाल म्हणून दुसरी शाल, तीच खुर्ची, तीच जुनी तबकडी. सरपंचांनी तेच भाषण केलं. नवरीचा बाप आपल्या दुसऱ्या मुलीच्या लग्नासाठी भाऊंना सांगायला आला होता, तोही उभा राहिला. एक प्रत हॉलंडला गेली, एक मी ठेवली.

नंतर माझी लोणारला बदली झाली. भाऊ गेल्याचं तिथंच पत्रानं कळलं. दुकानात बसल्या बसल्या गेले. भोंगा चालू होता, त्यामुळं लोकांना जरा उशिराच समजलं.

फोटो माझ्या बैठकीत आहे. येणारे-जाणारे तो बघतात आणि हसतात. छाती काढून उभे सरपंच, गळ्यात टेप घातलेले करीमचाचा, हातात वांगं धरलेल्या पारबताबाई, डोळे मिटलेला मी, हार घातलेला ग्रामोफोन. मग विचारतात, "आणि यातले भाऊ कोणते?"

फोटोवाल्यानं "हलू नका" म्हटलं, आणि नेमकी तेव्हाच सुई अडकली होती. मी बोट ठेवून दाखवतो. खुर्चीच्या मागं पांढऱ्या सदऱ्याची वाकलेली पाठ आहे, आणि खाली चपलेतून निसटलेली एक टाच.