टेपमागच्या अक्षता
उन्हात तापलेल्या डॅशबोर्डचा वास आला की कराडमधलं ते गॅरेज आठवतं. फौजेतून निवृत्त झालेल्या वडिलांना दिसायचं कमी झालं म्हणून गाडी विकायची ठरली, पण तिचा मूळचा टेप द्यायला ते तयार नव्हते. मेकॅनिकने बॅटरीची वायर सोडली, पट्टीने कडेची चौकट हळूच उचकटली आणि स्क्रू काढून टेप अलगद ओढला, तर मागून पिवळे तांदूळ सांडले. नव्या गाडीच्या पूजेला आईने डॅशबोर्डवर वाहिलेल्या अक्षता फटीतून आत गेल्या होत्या. मेकॅनिक फडक्याने पुसायला लागला तसं वडिलांनी विचारलं, "काय सांडलं रं?" मी सांगितलं. त्यांनी चार दाणे बोटांनी चाचपले आणि म्हणाले, "आत टाक त्या, आन् टेप बसीव परत. गाडीचंच हाय ते." ती गाडी टेपसकट विकली. माझ्या गाडीच्या पूजेलाही डॅशबोर्डवर अक्षता वाहिल्या होत्या; तिच्यातला टेप आता बंद पडलाय, तो मी अजून कुणाला काढू दिलेला नाही.